तिसऱ्यांदा तोच प्रश्न

दर महिन्यातल्या एका रविवारी मी डोक्याला मार लागलेली बाई बनते. अग्निशमन केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये, आडव्या पडलेल्या जुन्या सायकलीशेजारी फरशीवर बसते. प्रशिक्षण देणाऱ्या डॉक्टरीणबाई मला लाल रंग फासत नाहीत. रक्त दिसलं की कुणीही ओळखतं, असं त्यांचं म्हणणं. त्या माझ्या कॉलरवर दारूचे चार थेंब शिंपडतात आणि एक पोलीस, एक अँब्युलन्सवाला अशी एकेक जोडी माझ्यासमोर उभी करतात. बाई नुसती प्यायलीये की डोक्याला लागलंय, हे त्यांनी ओळखायचं. एरवी मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. तिथे असा वास घेऊन जाता येत नाही, म्हणून रविवार.

नकलेचं अंग बाबांकडून आलं. ते अठ्ठावीस वर्षं अँब्युलन्स चालवत होते आणि केंद्रात सगळे त्यांना ‘नकल्या’ म्हणत. साहेबांची चाल, पेशंटच्या सासूचं रडं, बिघडलेला सायरन, सगळं हुबेहूब. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी एका दुपारी गाडीचं मागचं दार डोक्याला लागून ते टेंगूळ चोळत आत आले आणि ‘चावी कुठंय?’ असं विचारू लागले, तेव्हा सगळे हसले. चावी त्यांच्या हातातच होती. काका, म्हणजे गाडीवरचे त्यांचे वीस वर्षांपासूनचे जोडीदार, म्हणाले, मांजरानं नेली. पाच मिनिटांनी बाबांनी पुन्हा विचारलं. काका म्हणाले, साहेबांच्या बायकोकडे दिलीय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग बाबा बाकावर आडवे झाले. झोपेचं सोंगही छान वठलंय, असंच सगळ्यांना वाटलं. डोक्यात आतल्या आत रक्त साचत होतं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

रोज माणसं वाचवणारी माणसं होती ती. मला राग आला नाही असं नाही. पण तो कुणावर काढावा ते कळेना, कारण त्या दुपारी मी तिथे असते तर मीही हसले असते.

काका त्यानंतर गाडीवर चढले नाहीत. भांडारात बसून हातमोज्यांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागले. पुढे वरून हुकूम आला की हे प्रशिक्षण पार पाडल्याशिवाय गाडीवर कुणी जायचं नाही. काकांना बरंच झालं. कधी पाठ, कधी दाढ, कधी मेहुण्याचं घर बदलणं, असं करत त्यांनी दोन वर्षं काढली. शेवटी काकूंनी मला फोन केला. माणूस घरात असून नसल्यासारखा झालाय, म्हणाल्या. गाडीवर असताना घरी येऊन डोकं खायचा, तेच बरं होतं. मी काकांना एवढंच कळवलं की येत्या रविवारी पेशंट मीच आहे आणि खाणाखुणा काही करणार नाही.

ते आले. कडक इस्त्रीचा गणवेश, गळ्यापर्यंत बटणं. त्यांच्या जोडीला एक तरुण हवालदारीण होती. एरवी मी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली वाक्यं म्हणते. त्या दिवशी त्यांना विचारून मी ती बदलली होती.

“चावी कुठंय?”

काका जागच्या जागी थांबले. हवालदारणीनं वाकून वास घेतला आणि विचारलं, मावशी, किती घेतलीये? मागे बसलेल्यांत खसखस पिकली. मीही हसले, बाबा हसायचे तशी, मान तिरकी करून. ठाण्यात नेऊन बसवू, तासाभरात उतरेल, असं ती काकांना म्हणाली.

काका माझ्यासमोर मांडी घालून बसले. चावी सायकलच्या कुलपातच आहे, बघ, म्हणाले. मी मान डोलावली. त्यांनी नाव विचारलं, ते मी बरोबर सांगितलं. वार विचारला, तो चुकवला. मग पुन्हा म्हटलं, चावी कुठंय?

हॉल हसला. काकांचा चेहरा पडला. आता उठून जाणार, आणि परत कधीच येणार नाहीत, असं मला वाटलं. पण पेशंटला कुणाला धीर देता येत नाही. मी सायकलकडे बघत राहिले.

“चावी कुठंय?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “तिसऱ्यांदा,” ते हवालदारणीला म्हणाले. “सहा मिनिटांत. प्यायली असेलही, पण डोकं आपटलंय. ठाण्यात नाही, हॉस्पिटलात. आणि घरी फोन लाव. विचार, ही नेहमी अशीच असते का.”

मग त्यांनी माझी मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी डोकं धरलं. तळव्यांना हातमोज्यांच्या भुकटीचा वास होता. डॉक्टरीणबाईंनी सराव संपल्याचं सांगितलं, तरी काकांनी हात लगेच काढले नाहीत. मीही घाई केली नाही.

चहा पिताना ते म्हणाले, तुझी नक्कल कच्ची आहे, तो मान डावीकडे टाकायचा. मी म्हटलं, उजवीकडे. त्यावर आमचं चांगलंच जुंपलं. हवालदारीण दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तीन वर्षांत बाबांवरून आम्ही पहिल्यांदाच भांडत होतो, आणि मजा येत होती. डॉक्टरीणबाईंनी काकांच्या कागदावर सही केली. सोमवारपासून गाडी.

निघताना काका दारात थांबून खिसे चाचपू लागले.

“चावी कुठंय?”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“अशी बघू नकोस, पोरी. पहिल्यांदाच विचारतोय.”

स्कूटरची चावी टेबलावर, त्यांच्या टोपीखाली होती. मी दिली.