आडवी झाडं

त्र्यंबककाकांना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की हात आपोआप वर जायचा, दारातले बूट विस्कटलेले दिसले की कंबर वाकायची. पोटापाण्याचा धंदाच तसा होता म्हणा. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात गाडीचं दार चौकटीत केसाएवढंही वाकडं बसू नये, एवढंच बघायचा त्यांना पगार मिळत होता. पण कारखान्यात जे शोभतं ते सगळीकडे शोभतं असं थोडंच आहे?

एकोणीसशे एकोणऐंशीचा फेब्रुवारी होता. काका आणि नीलाकाकू डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयहून धाकट्या चुलतभावाच्या, कुमारच्या घरी पाहुणे आले होते. कुमार स्वतः घरी नव्हताच, तो ॲन आर्बरला पीएच.डी. करत होता. घरी होती त्याची बायको, डॉक्टर मीनाक्षी, आणि तेरा वर्षांची मुलगी आसावरी. आणि घर कुठे? तर मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, ह्युरॉन सरोवरातल्या एका बेटावर. पलीकडे कॅनडा, चहूबाजूंनी पाणी, आणि मध्ये शेदीडशे माणसं. असल्या जागी राहायला कुणी डॉक्टर तयार होईना, म्हणून गावाने जाहिरात दिली आणि मिरजेत शिकलेली मीनाक्षी येऊन दाखल झाली.

आई दवाखान्यात आणि बाबा लांब, त्यामुळे आसावरी म्हणजे मोकाट सुटलेली पोर. लाकडं फोडायची, बर्फात भोक पाडून मासे धरायची, शाळेतल्या दांडगट पोरांना चोपून यायची. काकूंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. "मीनाक्षी, अगं ही मुलगी आहे की पेंढारी? हिला सासरी कोण नांदवणार?"

"मीच सगळ्यांना नांदवीन," असं आसावरीनेच उत्तर दिलं होतं. आई गालातल्या गालात हसली होती.

हिवाळ्यात ते सरोवर गोठायचं, आणि मग बेटाला रस्ता फुटायचा. बर्फावरून, थेट पलीकडच्या, मिशिगनच्या मुख्य किनाऱ्यापर्यंत. नाताळ संपला की घराघरांतली ख्रिसमसची झाडं गोळा करायची, बर्फाला भोकं पाडून त्यांत ओळीने रोवायची, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर नजर ठेवत स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटार, हाकायची. वारा सुटला की बर्फाची भुकटी अशी उडते की जमीन कुठली, आभाळ कुठलं, काही समजत नाही. तेव्हा झाड दिसलं तर वाट आहे, नाहीतर देवाचं नाव घ्यायचं. आणि या वाटेचा एकच कायदा होता, तो बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. झाड उभं असेल तर पुढे जा. झाड आडवं पाडून ठेवलं असेल तर तिथूनच मागे फिर, कारण पुढे बर्फ फाटला आहे.

काकांना मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते आणि काकू छोट्या विमानाने आले होते, बर्फावरच्या वाटेशी त्यांचा संबंध आला नव्हता. आणि पाहुण्याला काय काय सांगायचं? पाणी उकळून पी, टोपी घाल, अस्वल आलं तर पळू नको. झाडांचं राहून गेलं.

त्या दिवशी सकाळी मीनाक्षी पलीकडच्या किनाऱ्यावर एका बाळंतपणाला गेली. दुपारी आसावरी शाळेतून आली तेव्हा काका चुलीजवळ पाय शेकत बसले होते आणि काकू चहात आलं किसत होत्या. काका भलतेच खुशीत होते.

"आज भटकून आलो हो बर्फावर! कॅमेरा घेऊन. मैलभर तरी गेलो असेन. काय तो देखावा! पण तुमच्या गावात शिस्त नाही बुवा. झाडं लावलीत ओळीने, आणि त्यातली चारपाच वाऱ्याने पडलेली, कुणी ढुंकून बघत नाही. मी आपली एकेक उचलली, भोकात घातली, बुंध्याशी बर्फ दाबला. आता कशी ओळंब्यात आहेत!"

आसावरीच्या हातातलं बिस्किट तोंडाशीच थांबलं.

"काका, ती वाटेवर आडवी होती का? वाटेच्या मध्ये?"

"हो ना. अगदी मधोमध. येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण."

"ओह नो," आसावरी म्हणाली. मग तिला मराठीत काही सुचेचना. ती उठली आणि तिने फोन उचलला.

झाडं रोवणारा म्हातारा आर्नी याच्या घरी नुसतीच घंटा वाजत राहिली. तो नवीन वाट शोधायला बर्फावरच कुठेतरी असणार, तेही बेटाच्या दुसऱ्या अंगाला. तिने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्याला फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, बाळ सुखरूप आहे, मुलगी झाली, आणि तुझी आई आत्ताच निघाली बघ, अंधाराच्या आत घरी पोचते म्हणाली.

आसावरीने रिसीव्हर ठेवला आणि भराभरा सांगून टाकलं. आई सकाळी गेल्यावर बर्फ फाटला असणार, म्हणून आर्नीने झाडं मुद्दाम पाडली होती. तिथे भेग आहे. वर बर्फाची भुकटी बसली म्हणून काकांना दिसली नाही. ते चालत गेले म्हणून वाचले, स्नोमोबाइल वाचणार नाही. आईला झाडं उभी दिसतील आणि ती भरधाव येईल.

काकांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "म्हणजे मी त्या भेगेवरून चालत गेलो?"

"जाताना आणि येतानाही," आसावरी म्हणाली. तिला त्यांचा इतका राग आला होता की तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बूट चढवत होती.

"अगं कुठे निघालीस?" काकू आडव्या आल्या. "एकटीने बर्फावर जाणार नाही अशी आईच्या गळ्याची शपथ घेतलीस ना काल? माझ्यासमोर घेतलीस!"

आसावरी एक क्षण थबकली. आईच्या गळ्याची शपथ मोडली तर आईला काय होतं, हे कुठल्या मराठी पोराला ठाऊक नसतं? अमेरिकेत सहा वर्षं राहिलं तरी ते आतून जात नाही.

काकूंनी ते पाहिलं. बाई भित्री खरी, पण वेळेला खंबीर. त्या खोलीत पळाल्या आणि ट्रंकेतून आपली लाल नायलॉनची साडी ओढून आणली. "सुटली शपथ! मी सोडवली, पाप लागलं तर मला लागेल. ही घे, लांबून दिसेल तरी. आणि एकटी कशाला, अहो, तुम्ही काय बघत बसलात? उठा!"

काका उठले. दोघं धावत सुटली.

बर्फावर धावणं म्हणजे वाळूत धावण्यासारखं. पाय रुततो, जीव पुढे पळतो, शरीर मागे राहतं. वाऱ्याने भुकटी उडायला लागली होती. आसावरी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत बघायची आणि पळायची. मागून काकांचा भात्यासारखा श्वास ऐकू येत होता. "पोरी... थांब... मी पुढे होतो..." पण पुढे व्हायला दम कुठे होता त्यांच्यात! एरवी तिला हसू आलं असतं.

पहिली पाडलेली झाडं आली. पाडलेली म्हणजे आता उभी, ताठ, कुणाला शंका येऊ नये अशी. आसावरीने धावता धावताच त्यातलं एक उपटून आडवं फेकलं. आणि मग तिला समोर भेग दिसली.

दुपारी तिच्यावरून काकांचं पाऊल पडलं तरी कळलं नव्हतं, आता मात्र ती उघडी पडली होती. वाऱ्याने बर्फाची लादी सरकवली होती. घराचं दार आडवं टाकलं तर जेमतेम पुरेल एवढं रुंद काळं पाणी, आणि कडेला लपलप आवाज. भेगेच्या या बाजूची दोन झाडं आणि त्या बाजूची दोन, चारही शिपायासारखी उभी.

"इथूनच साडी हलवू," काका म्हणाले. "दिसेल तिला."

"नाही दिसणार." समोर वीसपंचवीस पावलांपलीकडे सगळं पांढरंफटक होतं. "आई माणसं बघत नाही काका, झाडं बघते. पलीकडची झाडं पाडायला हवीत."

"मग मी जातो."

"तुमचं वजन किती आहे?"

तिने अलीकडची दोन्ही झाडं उपटली, काकांनी ती तिच्याबरोबर ओढली, आणि दोन्ही जवळजवळ ठेवून पाण्यावर आडवी लोटली. शेंडे पलीकडच्या कडेला टेकले. नाताळातली चमकी अजून एका फांदीला चिकटलेली होती. काकांनी साडीचं टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलं आणि बर्फावर सपाट पालथे पडले. गाठ पक्की बसली.

"आसावरी, मला माफ कर गं."

"नंतर," ती म्हणाली आणि पोटावर पडून निघाली.

फांद्या कडाकडा मोडत होत्या. खालून पाणी वर आलं, कोटाची पुढची बाजू भिजली, थंडी छातीत सुरीसारखी शिरली. मध्यावर एक बुंधा फिरला आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. ती किंचाळली. मागून काकांनी साडी ओढली.

"ओढू नका! सैल सोडा! सैल!"

साडी सैल झाली. तिने दात आवळले, उजव्या हाताने पलीकडची कड धरली, ती मोडली, पुन्हा धरली, आणि गुडघा वर आला. ती पलीकडे होती.

आता साडी पुरेना. झाड अजून पुढे होतं आणि कमरेला ताण बसला होता. तिने गाठ सोडायला घेतली. डाव्या हाताची बोटं तिची राहिलीच नव्हती, तिने दातांनी गाठ ओढली.

"सोडू नकोस!" काका ओरडत होते. "आसावरी, सोडू नकोस गं, तुझ्या बापाला काय सांगू मी!"

गाठ सुटली. ती पळाली.

पहिलं झाड उपटलं आणि पाडलं. पण ते भेगेच्या फार जवळ होतं, तिथे ब्रेक लावून काय उपयोग? तिने दुसऱ्याकडे धाव घेतली. आणि तेव्हा आवाज आला. आधी माशीसारखा, मग जवळ, मग एकदम मोठा. पांढऱ्या भुकटीत एक पिवळा डाग दिसायला लागला. आई जोरात येत होती. का नाही येणार? वाट बिनधोक होती, झाडं उभी होती, घरी लेक होती.

दुसरं झाड निघेना. काकांनी बर्फ दाबला होता तो मन लावून दाबला होता, जळला मेला तो नीटनेटकेपणा! आसावरीने बुंध्याला लाथ घातली, पुन्हा घातली, मग सगळं अंग त्याच्यावर टाकलं. झाड कडाडून वाटेत आडवं झालं आणि त्याच्याबरोबर तीही आडवी झाली.

दिवा अंगावर आला. ब्रेक किंचाळले. स्नोमोबाइल तिरकी घसरत आली, गर्रकन फिरली आणि पुढची घसरपट्टी झाडाच्या फांद्यांत घुसून थांबली.

"कोण आहे?" आई इंग्रजीत ओरडली. मग तिने चष्मा वर केला. "आसावरी?"

आसावरीला बोलता येत नव्हतं, दात वाजत होते. आईने तिचा ओला हातमोजा ओढून काढला, ओल्या बाह्या वर सारल्या, तिचा हात स्वतःच्या कोटाच्या आत काखेत दाबून धरला आणि अंगावर घोंगडी गुंडाळली. मग तिला तसंच धरून ती चार पावलं पुढे गेली. तिने भेग पाहिली. भेग आणखी रुंद झाली होती, आणि त्यात दोन झाडं सुटी होऊन तरंगत होती.

"झाडं कुणी उभी केली?" तिने हळू आवाजात विचारलं.

आसावरीने काकांचं नाव घेतलं नाही. मघाचा राग कुठे गेला कोण जाणे. पण वाऱ्यातून पलीकडून उत्तर आलं.

"मी! मीनाक्षी, मी उभी केली! मला वाटलं, पडलीयत!"

मोठा माणूस, पण हंबरडा फोडल्यासारखा आवाज होता त्यांचा. गुडघ्यांवर बसले होते, मनगटाला ती लाल साडी, आणि साडीचं दुसरं टोक पाण्यात.

आईने दोन्ही हातांचा कर्णा केला.

"भाऊजी, ऐका! आल्या पावलांवरच पावलं टाकत परत जा! घाई करू नका! घरी पोचलात की वरच्या खिडकीत कंदील लावा! तो दिसेपर्यंत मी इथून हलणार नाही! आम्ही मग मागे पलीकडच्या किनाऱ्यावरच जाऊ!"

काकांनी हात जोडले आणि ते वळले. थोड्याच वेळात ते पांढऱ्यात विरघळले.

मायलेकी गाडीवर एकमेकींना चिकटून बसल्या. आई दर थोड्या वेळाने तिची बोटं बघायची, चिमटा काढायची, "दुखतं?" विचारायची, आणि "दुखतं" म्हटलं की मान हलवायची. दुसरं काही नाही. ना रागावली, ना शाबासकी दिली. डॉक्टरीणबाईच बसल्या होत्या जणू. वारा पडत चालला होता. बेटाची काळी रेघ दिसायला लागली. आणि मग त्या रेघेवर, वरच्या बाजूला, एक ठिपका पेटला.

"पोचले," आई म्हणाली.

आणि मग तिने गाडीच्या हँडलवर डोकं टेकवलं आणि ती मोठमोठ्याने रडली. अंग गदगदा हलत होतं. बाबा ॲन आर्बरला गेले तेव्हा ती रडली नव्हती, मिरजेहून आजोबा गेल्याची तार आली तेव्हाही दवाखाना उघडून बसली होती. आसावरी घोंगडीतून बघत राहिली. घरून निघाल्यापासून तिने झाडं, भेग, गाठ, एवढंच डोक्यात ठेवलं होतं. पुढचं वाक्य तिने मनातल्या मनातसुद्धा पुरं होऊ दिलं नव्हतं. आता ते आपोआप पुरं झालं. आई मेली असती.

तिने आईचा कोट दोन्ही हातांनी घट्ट धरला, दुखऱ्या हातानेसुद्धा, आणि आईचं रडणं थांबलं तरी सोडला नाही.