हात मागे

आमचे चित्रकलेचे सर बाकाजवळ आले की दोनच शब्द बोलायचे: "हात मागे." आपण पेन्सिल खाली ठेवायची, दोन्ही हात पाठीशी बांधायचे आणि सर आपलं चित्र दुरुस्त करत असताना मुकाट बघत राहायचं. सातवीत मी शेजारच्या मावशींचं शिलाई मशीन काढलं होतं. चाक वाकडं झालं होतं, पण ते मी काढलेलं चाक होतं. सरांनी ते खोडून नवं काढलं, मग पायडल काढलं, मग सुईसुद्धा. त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. आईनं फ्रेम करून दारासमोर टांगलं. पाहुणा आला की ती कौतुकानं ते दाखवायची आणि मी स्वयंपाकघरात पळायचे. कोणती रेघ माझी, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढे मी त्याच शाळेत चित्रकलेची बाई झाले आणि पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या दाराशी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला. आत येताना खोडरबर डब्यात टाकायचा, जाताना उचलायचा. पोरं हबकली. मग मी त्यांना एका चित्रकाराबद्दल सांगितलं. तो चुकलेली रेघ खोडायचाच नाही, तिच्या शेजारी दुसरी काढायचा. तीही चुकली तर तिसरी.

"म्हणजे तो सारखा चुकायचा?" एकानं विचारलं.

"रोज."

वर्गाला हा माणूस फार आवडला. तो डबा आजही दाराशी आहे, आणि या सत्रात आठवीला कामही त्या चित्रकाराच्याच पद्धतीचं दिलं होतं. घरातलं एकच काहीतरी निवडायचं आणि चाळीस दिवस रोज तेच काढायचं, न खोडता. कुणी चप्पल निवडली, कुणी गळका नळ. एकीनं झोपलेला भाऊ निवडला, कारण जागेपणी तो तिला जवळ फिरकू देत नाही.

मुंगीनं आजोबांचे हात निवडले. अक्षर मुंगीएवढं म्हणून सगळी शाळा तिला मुंगी म्हणते. तिचे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढणारा माणूस. आता कंपवातानं त्यांचे हात सतत थरथरतात. चहा अर्धा कप द्यावा लागतो. चारचौघांत ते हात खिशातून काढत नाहीत, पण नातीसाठी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं टेबलावर ठेवून बसायचे.

"बाई, ते थांबतच नाहीत," पहिल्या दिवशी मुंगी रडकुंडीला आली होती. "मी बोट काढेपर्यंत ते दुसरीकडे जातं."

"मग दुसरीकडे गेलेलंही काढ."

तिनं काढलं. एकेका बोटाला पाच पाच, सहा सहा रेघा. विसाव्या दिवसाचा कागद बघताना तर मला वाटलं, माझाच हात हलतोय. चाळिसाव्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा येणार आहेत प्रदर्शनाला. म्हणाले, बघू तरी लोकांना कसे दिसतात." मी ते चाळीस कागद दोऱ्यानं बांधून कपाटात ठेवले. इतकं खरं काम माझ्या वर्गात आजवर झालं नव्हतं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यांना ते गिचमिड काम वाटलं. "संस्थेची माणसं येणार आहेत. हे भिंतीवर लावायचं? आणि म्हाताऱ्याच्या हातांची थरथर कशाला दाखवायची चव्हाट्यावर? हात दाखवून अवलक्षण!"

मी भांडले आणि जिंकले, असं मला वाटलं. मोठ्या बाई नुसतं "बरं बरं" म्हणाल्या. शुक्रवारी शाळा सुटताना बघते तर माझे तेच सर आले होते, मोठ्या बाईंनी बोलावलेले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी तोच इस्त्रीचा शर्ट, खिशात तीच टोकदार पेन्सिल. "किल्ली दे गं कपाटाची. बघू दे पोरांनी काय केलंय. आणि भिंतीवर मांडायचंही मीच बघतो, तू दोन दिवस विश्रांती घे."

मी किल्ली दिली. दुसऱ्या कुणी मागितली असती तर चार प्रश्न विचारले असते. सरांनी हात पुढे केला आणि चाळिशी उलटलेली ही बाई पुन्हा सातवीतली झाली.

सोमवारी सकाळी सभागृहात शिरले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मुंगीचे चाळीसही कागद भिंतीवर होते. प्रत्येक बोटाला एकच रेघ, काळ्या शाईनं गिरवलेली, स्वच्छ, सुबक, मेलेली. बाकीच्या सगळ्या रेघा खोडलेल्या. जोर लावून खोडलंय तिथं कागदाची लव निघाली होती. आणि खोडलं कशानं? माझ्याच डब्यातल्या खोडरबरांनी. शुक्रवारी पोरं शेवटच्या तासाहून थेट मैदानावर धावली होती, डबा भरलेला राहिला होता.

मुंगी भिंतीसमोर उभी होती.

"बाई, हे माझं नाही," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पण छान आहे ना?"

मी कागदाची निघालेली लव बोटानं दाबून बसवायला लागले.

"मला असं कधीच येणार नाही. माझा खोडरबर परत द्याल? मी आता नाही काढणार."

मी डब्यातून शोधून दिला. झिजून नखाएवढा झाला होता. तिनं तो बघितला, मुठीत धरला आणि गेली. या पोरीची पाठ मला ओळखीची वाटली. स्वयंपाकघरात पळणारी पाठ.

मोठ्या बाईंच्या खोलीत मी किती आवाज चढवला, ते शिपाईमामांनी नंतर हसत सांगितलं. खालच्या मजल्यावर पहिलीचा वर्ग गप्प झाला म्हणे. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, दोन दिवस फुकट राबले ते! उपकार माना." सर खुर्चीत शांत बसले होते. "चिडतेस काय वेड्यासारखी? पोरीचं भलंच केलं. तुझं नव्हतं केलं?"

इथं मी बोलायला हवं होतं. तीस वर्षांचं साठलेलं होतं. पण सरांकडे बघितलं आणि मी मूग गिळून बाहेर आले. जिन्यात उभी राहून स्वतःला लाखोली वाहिली. मोठ्या बाईंवर डरकाळ्या फोडणारी वाघीण सरांपुढे शेळी!

दुपारी पालक आले, संस्थेची माणसं आली. मुंगी आजोबांना घेऊन आली, पण खाली मान घालून. आजोबांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात. ते पहिल्या कागदापासून चाळिसाव्यापर्यंत सावकाश चालत गेले, पाटीवाल्याच्या नजरेनं एकेक रेघ तपासत. सर अभिमानानं शेजारी होते.

"ही शाईची रेघ तुमची?" आजोबांनी विचारलं.

"थोडी सफाई केली," सर हसले.

"हात चांगला आहे तुमचा. चाळीस वर्षं मी हेच केलं, मला कळतं." ते भिंतीकडे वळले. "फक्त माझे हात घरीच राहिले वाटतं. चाळीस दिवस मी धरून बसलो होतो, ते कुठं गेले?"

मुंगीनं पहिल्यांदा मान वर केली.

दाराजवळच्या टेबलावर पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही होती. आजोबा तिथं खुर्ची ओढून बसले. सगळ्यांसमोर त्यांनी खिशातून हात काढले आणि टेबलावर ठेवले. हात थरथरायला लागले, टेबलावरचा पेला किणकिणायला लागला.

"काढ," ते नातीला म्हणाले.

"मला येत नाही, आजोबा."

"मलाही आता कप धरता येत नाही. म्हणून मी चहा सोडला का? काढ."

मी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली आणि वहीचं कोरं पान उघडलं. "अहो, ती पाहुण्यांची वही!" मोठ्या बाई ओरडल्या. मी ऐकलं नाही. मुंगीनं पेन्सिल घेतली. पहिली रेघ अंगठ्याची, आणि चुकलीच. तोवर अंगठा सरकलाही होता. तिनं दुसऱ्या हाताची मूठ उघडली. आत तो नखाएवढा खोडरबर होता.

"थांब, थांब," सर मायेनं पुढे वाकले. खिशातली टोकदार पेन्सिल त्यांच्या बोटांत आली होती. "आण इकडे. हात मागे."

मुंगीनं पेन्सिल आणि खोडरबर टेबलावर ठेवले. दोन्ही हात निमूट पाठीशी निघाले.

"सर," मी म्हणाले. "तुम्ही. तुम्ही हात मागे घ्या."

सरांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू माझ्यामागे आणखी कुणी उभं आहे.

"मशीनचं चाक वाकडं होतं सर, पण माझं होतं. हात मागे."

सरांनी हात मागे घेतले. मला त्यांची जराही दया आली नाही. मी टेबलावरून खोडरबर उचलला आणि माझ्या मुठीत दाबून धरला. मुंगीनं पेन्सिल पुन्हा उचलली आणि चुकलेल्या अंगठ्याच्या शेजारी दुसरा अंगठा काढायला घेतला.