डॅनियलचा धाकटा भाऊ

"काका, ये सब तो तीन सौ साल पुराने हैं," सुरतेतल्या कतारगामच्या थडग्यांपाशी उभा असलेला रखवालदार म्हणाला. "आपका आदमी कब मरा?"

योगराज आप्पांनी उजवा कान पुढे केला. आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी येई. समोरच्याच्या ओठांकडे बघत ते बोलणं जुळवून घेत.

"वो मालूम नहीं," ते म्हणाले. "पर बोट लेके आया था, सौ साल पहले."

रखवालदाराने घुमटांकडे हात केला. हे इंग्रज-डच व्यापाऱ्यांचे मकबरे होते, दगडी आणि ऐसपैस. आप्पांनाही ते बघताच कळलं होतं, की मिलच्या बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला कोणी घुमट बांधत नाही.

हा शोध त्यांच्याकडे आयर्लंडहून आला होता. त्यांची एकुलती एक मुलगी राखी तिथल्या एका वृद्धाश्रमात नर्स होती. तिच्या वॉर्डात नोरा नावाची नव्वदी ओलांडलेली बाई होती. राखी सुरतची आहे हे कळल्यावर म्हातारीने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. तिचा थोरला काका डॅनियल सुरतेला गेला होता. एका नाताळात त्याचं कार्ड आलं, कापडाच्या मिलमध्ये बॉयलर बघतो म्हणून. त्यानंतर काहीच नाही.

राखीने ती हकीकत आप्पांना थोडी थोडी करून सांगितली होती. डॅनियल आणि त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे नोराचे वडील, दोघं इंग्रजांविरुद्ध लढले. डोंगरात लपले, एका पांघरुणात झोपले. मग इंग्रजांशी तह झाला. धाकट्याला तो पटला, थोरल्याला नाही. आपल्याच माणसांत लढाई जुंपली आणि भाऊ समोरासमोर आले. डॅनियल तुरुंगात गेला. सुटून घरी आला तेव्हा धाकट्याने त्याला दाराबाहेरूनच परत पाठवलं.

"इंग्रजससंगे लढना," आप्पा अहिराणीत म्हणाले होते, "आनि इंग्रजसनाच राजमा नोकरीले उना?"

"पोटकरता मानूस कोठेबी जास, आप्पा. तुम्ही नही का उनात सुरतले?"

आप्पा हसले होते. शिंदखेड्याकडच्या आपल्या गावातून ते मिसरूड फुटायच्या आत निघाले. लूम चालवता चालवता मिस्त्री झाले. डिंडोलीत दोन खोल्या बांधल्या. बायको शोभाबाई तिथेच वारल्या, राखी तिथूनच विमानतळावर गेली. आता खाली आप्पा राहत आणि वरची खोली बंद असे.

पूर्वी राखीचा फोन रविवारी यायचा. "जेवनात का?" "हाओ." "गोळी लिधी का?" "लिधी." तेवढ्यात बोलणं संपायचं. दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नसे. डॅनियलचा शोध सुरू झाल्यापासून मात्र ती रोज संध्याकाळी व्हिडिओ लावू लागली. आज कुठे गेलात, कोण भेटलं, काय म्हणालं. आप्पा रंगवून सांगत. बंद पडलेल्या मिलच्या जागी उभा राहिलेला साडीबाजार, रेल्वेतून निवृत्त झालेला एक अँग्लो-इंडियन म्हातारा, चर्चच्या अंगणात मिळालेला चहा. राखी हसायची. कधी तिच्या खांद्यामागून नोराचा पांढरा केसांचा पुंजका डोकावायचा आणि एक सुरकुतलेला हात हलायचा.

संध्याकाळ झाली की आप्पा धुतलेला सदरा घालून फोनसमोर बसू लागले.

कतारगामच्या रखवालदाराने त्यांना शहराच्या कडेच्या ख्रिस्ती कब्रस्तानाचा पत्ता दिला. तिथली देखभाल ललितभाई नावाचा गुजराती ख्रिस्ती माणूस करत असे. जुना भाग मागच्या भिंतीकडे होता, बाभळी आणि काटेरी झुडपांत बुडालेला.

"जोई लो, काका," तो म्हणाला. "साप से संभालना."

आप्पा काठीने गवत बाजूला करत दगडामागून दगड बघत गेले. इंग्रजी त्यांना अक्षर अक्षर लावूनच वाचता येई. राखीने मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलेलं नाव ते फोनवर पुन्हा पुन्हा बघत. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीलगतचा एक कललेला दगड त्यांनी चप्पल काढून पायाने मोकळा केला, मग खाली बसून हातांनी. डॅनियल हेगार्टी. मृत्यू एकोणीसशे एकोणपन्नास.

म्हणजे इथला इंग्रजही गेलेला बघून मग हा गेला. आप्पांना त्या माणसासाठी बरं वाटलं. त्यांनी फाटकाबाहेरून झेंडूचा हार आणला आणि दगडावर ठेवला.

संध्याकाळी फोन वाजला.

"आप्पा, लागना का पत्ता?"

आप्पांनी तोंड उघडलं. स्क्रीनवर राखी गाल हातावर टेकून वाट बघत होती. तिच्या मागे खिडकीत करडं आभाळ होतं.

"दखी ऱ्हायनू, बेटा," ते म्हणाले. "आखो एक कब्रस्तान शे. उद्या जास."

दुसऱ्या संध्याकाळी ते तसंच म्हणाले. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी एका पाद्र्याची भेट झाल्याचं रचून सांगितलं आणि राखी तोंडावर हात धरून हसली. त्या रात्री आप्पांना जेवण गेलं नाही.

मग एकदा फोन आला तेव्हा राखी हसत नव्हती.

"नोरानी खावानं सोडी दिधं, आप्पा. रोज सकाळी एकच इचारस, तुना बाप आज जाई का म्हने. काय सांगू तिले?"

आप्पांनी फोन जवळ घेतला. "उद्या दुपारले फोन लाव," ते म्हणाले. "तिना जोडे बसीसन लाव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ललितभाईला फोन धरायला लावला. पडद्यावर उशीला टेकलेली नोरा होती आणि तिच्या गालाला गाल लावून राखी. आप्पा दगडाशेजारी उकिडवे बसले.

"सापडना, बेटा," ते म्हणाले. "हाऊ दख."

ललितभाईने फोन दगडाजवळ नेला.  मग राखीचा आवाज आला, हळू.

"आप्पा, हार कव्हयना शे?"

झेंडू वाळून काळपट झाला होता. तो काढायचं आप्पांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी तो उचलून मागे ठेवला. 

नोरा बोलू लागली. आप्पांना तिचे ओठ दिसत होते, पण ती भाषा त्यांना ओठांवरून वाचता येत नव्हती. राखी सांगत गेली. नोराच्या लहानपणी त्यांच्या घराच्या मागच्या दाराला कडी नसायची. थंडीत वारा आत घुसायचा, आई चिडायची, पण वडील कडी लावू देत नसत. एकदा नोराने विचारलं तेव्हा म्हणाले, कोणी यायचं राहिलंय. वडील गेले त्या रात्रीपर्यंत ते दार तसंच होतं.

"ती म्हनस, हाई तेले सांगा. तठे बसीसन, तुम्ही सोता सांगा."

"कोन्ती भाषामा?"

राखीने विचारलं. नोरा काहीतरी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

"तुमना घरमा बोलतस तीमा."

आप्पांनी टोपी नीट केली. ललितभाई उगाच दुसरीकडे बघू लागला. आप्पांनी दगडावर हात ठेवला, दुखावलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"डॅनियल भाऊ," ते म्हणाले. "तुना धाकलानी निरोप धाडा शे. तुले दारवरतून धाडी दिधं, ते तेले जनमभर लागनं. तेनी मांगला दारले कधी कडी लावू दिधी नही. मरेपावत तुनी वाट दखी. तुनी पुतनी सांगी ऱ्हायनी. आयकी ले, भाऊ."

 पडद्यावर नोराने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. राखीही डोळे पुसत होती, पण ती बघत होती आप्पांकडे.

त्यानंतर काही दिवस रोज फोन आले. मग राखीची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली, पाळ्या बदलल्या. फोन पुन्हा रविवारचा झाला. "जेवनात का?" "हाओ." त्या हाराबद्दल ती कधी बोलली नाही. एकदा मात्र फोन ठेवता ठेवता थांबली आणि म्हणाली, "आप्पा, काही काम नसनं तरी तुम्ही फोन लावत जा." आप्पा हो म्हणाले. पण ती ड्युटीवर असेल, झोपली असेल, असं म्हणत त्यांचा हात मागे यायचा.

होळीनंतर एका सकाळी फोनवर एक ओळ आली. नोरा रात्री झोपेत गेली होती.

आप्पांनी ती ओळ वाचली आणि चहाचं आधण उतरवून ठेवलं. मग बस बदलत कब्रस्तानात गेले. ललितभाई नव्हता. भिंतीलगतच्या दगडाशी बसून त्यांनी डॅनियलला त्याची पुतणी गेल्याचं सांगितलं. त्याच्या माणसांपैकी इकडे निरोप देणारं दुसरं कोणी नव्हतं. जास्त काही बोलले नाहीत. ऊन चढेपर्यंत बसले आणि परत आले.

घरी येऊन ते आत शिरले नाहीत. ओट्यावरच्या नळाखाली बादली लावली आणि कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. समोर शेजारच्या चंचलबेन पापड वाळत घालत होत्या. त्या उठून आल्या.

"कोण गुजरी गयुं, काका?"

आप्पांनी तोंडावरचं पाणी हाताने निपटलं.

"भाईनी दीकरी," ते म्हणाले. भावाची मुलगी.

"गामडे?" गावाकडची असेल असं त्यांना वाटलं.

"ना. दूर."

चंचलबेननी आणखी काही विचारलं नाही. संध्याकाळी त्या झाकलेलं ताट घेऊन आल्या, खिचडी आणि कढी. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. ताट उंबऱ्याच्या आत ठेवून त्या थोडा वेळ ओट्यावर बसून राहिल्या.

आप्पांनी दोन्ही हातांनी ताट जवळ ओढलं आणि मान खाली घालून जेवायला सुरुवात केली.