खांद्यावर दोनदा

मी या शिवणखोलीतला म्हातारा कुत्रा बोलतोय. मला हाक मारून उगाच घसा कोरडा करू नका, मला ऐकू येत नाही. गंमत अशी, की ऐकणं हेच माझं काम होतं.

माझं शिक्षण एका केंद्रात झालं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे कान व्हायचं, एवढाच अभ्यास. दारावरची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, की मालकिणीच्या गुडघ्यावर पंजाने दोनदा टकटक करायचं. तिने हातानेच ‘कुठे?’ विचारलं, की आवाजापाशी न्यायचं. धोक्याची घंटा वाजली तर मात्र कुठेच न्यायचं नाही, तिच्या पायाशी सपाट आडवं पडायचं. मग तिने मागे न बघता घराबाहेर पडायचं. आमचे मास्तर हे शंभर वेळा करून घ्यायचे.

दोन वर्षांचा झालो आणि बाईंकडे आलो. बाई कपडे शिवतात. तिशीत एका तापात त्यांचे कान गेले. तेव्हा त्या कपड्यांच्या कारखान्यात होत्या. पुढची चार वर्षं त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बायका हसल्या की हसायचं, उठल्या की उठायचं, मुकादमाचे ओठ हलले की मान डोलवायची. एकदा मुकादम विचारत होता, “हे माप कुणी चुकवलं?” बाईंनी हसून मान डोलवली. दुसऱ्याची चूक आपल्या गळ्यात घेऊन त्या घरी आल्या. हे सगळं त्यांनीच मला शिवता शिवता सांगितलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे बाई गुपितंही ठणठणीत आवाजात सांगतात.

नऊ वर्षं आमचं छान चाललं. बाई एकट्या राहायच्या, पण मी होतो म्हणून त्यांची लेक निर्धास्त असायची.

मग माझे कान जायला लागले. मी ते लपवलं. काम जमेनासं झालं की अंगावरचं कामाचं जाकीट काढून घेतात आणि कुत्र्याला घरातून परत नेतात, हे मी केंद्रात पाहिलं होतं. मला फार भीती वाटली. मग मी लबाडी शिकलो. दाराखालच्या फटीत पावलांची सावली दिसली की टकटक. कुकरचा वास बदलला की टकटक. बाई कौतुकाने बिस्किट द्यायच्या. मला लाज वाटायची, पण बिस्किट खायचो.

लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. एका दुपारी ती औषध आणायला निघाली. बाळ आत झोपलं होतं. “रडलं तर हा सांगेलच,” असं बोटांनी सांगून ती गेली. बाई कॉलर बसवत होत्या, मी उन्हात पडलो होतो. रडण्याला सावली नसते आणि वासही नसतो.

लेक परत आली तेव्हा बाळाचा पाय पाळण्याच्या गजात अडकला होता आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. आईशी ती बोटांनीच बोलते, म्हणून ते भांडण मला नीट दिसलं. “उद्या घंटा वाजली आणि हा असाच पडून राहिला तर? आई, आता एकटीने राहणं पुरे. मशीन कुणाला तरी देऊन टाक आणि माझ्याकडे चल.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या मागे कात्री टाकली. फरशी थरथरली आणि मी झटकन वळलो. थरथरीवरून ओळखायची ही युक्ती त्यांच्याही जुन्या ओळखीची होती. मग मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. बराच वेळ गेला. सहज मागे पाहिलं, तर बाई बाळाचा खुळखुळा जोरजोरात हलवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“कधीपासून रे?” त्यांनी बोटांनी विचारलं. “तूही नुसती मान डोलवत होतास ना?”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. खूप दिवसांनी मला हलकं वाटलं.

बाईंनी स्वतःच केंद्राला कळवलं. मास्तर एका तरुण काळ्या कुत्रीला घेऊन आले. त्यांनी माझं जाकीट काढलं, तिला चढवलं आणि मला न्यायला पट्टा पुढे केला. बाई मध्ये उभ्या राहिल्या. “या वयात मी घर सोडत नाही,” त्यांनी लेकीला आणि मास्तरांना एकदमच सांगितलं, “आणि हाही सोडणार नाही.”

गेल्या आठवड्यात शेजारच्या घरात धूर झाला आणि इमारतीतली धोक्याची घंटा वाजली. काळी शिकवल्याप्रमाणे सपाट आडवी पडली. बाईंनी तडक दार गाठायला हवं होतं. मी आतल्या खोलीत गाढ झोपलो होतो.

माझ्या खांद्यावर दोनदा टकटक झाली.

मी मान वर करून पाहिलं, म्हणजे माझ्या परीने ‘कुठे?’ विचारलं. बाई मला दाराकडे घेऊन गेल्या. जिन्यात पोहोचेपर्यंत त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

म्हणून सांगतो, मागून हाका मारू नका. जवळ या आणि खांद्यावर दोनदा टकटक करा. मी लगेच उठेन.