माझ्या बटणावरचा ज्वारीचा दाणा

मित्रांनो, अंबरपेठेतल्या या दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, ज्वारीच्या डब्याला टेकून एक पांढरी पेटी बसलेली दिसते ना, ती मी. मी एक जुनी ब्रेड-मशीन आहे. पांढरी म्हणायची आपली सवय. आता मी पिवळट पडले आहे, झाकणाची काच धुरकट झाली आहे आणि पीठ मळताना माझ्या पोटातून जरा खरखर येते. तरी मला कमी समजू नका हं! या घराला रोजचा ताजा ब्रेड मी देते. म्हणजे मी एकटी नाही देत. दुसरं कोण देतं, तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक भांडं बसवलं, त्याच्या तळाशी पीठ मळणारं छोटं पातं, खाली मोटर आणि पातं फिरवणारा रबरी पट्टा. समोर चार बटणं, सपाट आणि गुळगुळीत, सगळी एकसारखी. भांड्यात पीठ, पाणी, तेल, मीठ, साखर आणि यीस्ट घालून बटण दाबलं की मी मळते, पीठ फुगू देते आणि शेवटी भाजते. मध्ये कुणी काही करायचं नसतं, असं माझ्याबरोबरच्या पुस्तकात छापलं होतं. त्या पुस्तकावर विश्वास ठेवून मी दिलसुखनगरच्या दुकानात मोठ्या ऐटीत बसले होते.

तिथून मला रोशनीनं आणलं. रोशनी एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, त्यामुळे तिचं माप म्हणजे माप. आपल्या पिंकीच्या डब्यात घरचा ब्रेड द्यायचा, तोही ज्वारी घातलेला, असं तिनं मनावर घेतलं होतं. तिचा नवरा रवी विम्याच्या कचेरीत जातो. त्यानं मला एकदा पाहिलं, "छान आहे" म्हणाला आणि पुढची दोन वर्षं मला बोटही लावलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या होत्या मनकर्णाबाई, रवीची आई. लग्न होऊन नांदेडकडच्या खेड्यातून त्या हैदराबादला आल्या आणि चाळीस वर्षं त्यांनी या घरात भाकऱ्या थापल्या. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर करायची म्हटलं की आधी बोलावणं त्यांना यायचं. मग शुगर डोळ्यांत उतरली. उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. तरी अंदाजानं त्या रांधत होत्या. एक दिवस पदर गॅसवर गेला. रवी घरात होता म्हणून बरं, त्यानं हातानंच जाळ विझवला. त्याच्या उजव्या तळव्यावर अजून डाग आहे. त्या दिवशी तो म्हणाला होता, "माय, आजपासून ओट्यापाशी जायचं नाही. तुला माझी शपथ आहे."

हे सगळं मला रोशनीच्या बोलण्यातून कळलं. शपथ घातल्यापासून बाई खुर्चीत बसून राहिल्या. ताट पुढं आलं की अर्धं ठेवायच्या. "अगं, जन्मभर दुसऱ्याला वाढलं," एकदा त्या सुनेला म्हणाल्या, "आता आयतं गिळायचं म्हणजे घास फिरतो तोंडात." रोशनीला वाईट वाटत होतं, पण नवऱ्याची शपथ मोडायची कशी?

इकडं माझी फजिती सुरू झाली होती. रोशनी काट्यावर तोलून एकेक जिन्नस घालायची, पुस्तकातलं अक्षर चुकायची नाही, आणि माझ्या पोटातून वीट निघायची! एक, दोन, चार विटा झाल्या. पिंकीनं एका विटेवर पेन्सिल ठोकून पाहिली आणि म्हणाली, "मम्मी, ये ब्रेड नक्को. मेरे दात पडतील." रस्त्यावरच्या गाईला तुकडा दिला, तर तिनंही हुंगून मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोशनी मला परत खोक्यात भरायचं म्हणायला लागली.

पाचव्या दिवशी, एप्रिलातल्या तापलेल्या दुपारी, मी मळायला लागले आणि खुर्चीतून आवाज आला.

"रोशनी, तिचा जीव घाबरा झालाय बघ. पीठ घट्ट आहे. पाणी घाल."

"आत्या, पुस्तकात एवढंच पाणी लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं आपली गिरणी बघितली होती का? पीठ किती पाणी पितंय ते पिठाला विचारावं लागतं."

मित्रांनो, मी चकित झाले! माझी मोटर खरंच कण्हत होती, आणि ते या घरात एका नजर गेलेल्या बाईला कळलं होतं. रोशनीनं मला बंद केलं आणि सासूचा हात धरून टेबलापाशी आणलं. बाईंनी आधी पाण्याच्या पेल्यात बोट घातलं. "अगं बाई! हे तर आंघोळीला काढल्यासारखं आहे. टाकीचं घेतलंस होय? उन्हात उकळलेलं पाणी ते. माठातलं घे." मग पीठ चिमटीत धरून चोळलं. "अन् ज्वारी किती घातलीस? अर्धी? ज्वारी धरून राहत नाही, म्हणून तर भाकरी थापावी लागते, लाटता येत नाही. चार वाट्या गव्हाला एक वाटी ज्वारी, बस झालं."

रोशनीनं सांगितलं तसं केलं. मी मळत होते तोवर बाई कान देऊन उभ्या होत्या. मळणं थांबवून मी दम घेतला तेव्हा त्यांनी झाकण उचललं आणि दोन बोटांनी गोळा दाबून पाहिला. "हं. आता कसं कानाच्या पाळीवाणी लागायलंय." मला त्या बोटांचा स्पर्श आजही आठवतो. कारखान्यात कितीतरी हातांनी मला तपासलं होतं, पण माझ्या पोटातलं पीठ काय म्हणतंय ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ब्रेड झाकणापर्यंत वर आला. पिंकी नाचायलाच लागली. बाईंनी गरम ब्रेड फडक्यात धरून नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. त्या दिवशी ताटात काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी म्हणाली, "आत्या, मी पीठ तोलून ठेवून जाते. पाणी तुम्ही घाला, चालू तुम्ही करा."

"अन् रवीची शपथ?"

"शपथ ओट्याची आहे. मशीन टेबलावर आहे. अन् तिला जाळ आहे कुठं? भाजून झाल्यावर मात्र हात लावायचा नाही, मी आल्यावर काढते."

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पण बटणं कशी ओळखायची? माझी चारही बटणं बोटाला एकसारखी. रोशनीनं थोडा विचार केला, ज्वारीच्या डब्यातून एक टपोरा दाणा घेतला आणि चालू करायच्या बटणावर फेविक्विकनं चिकटवून टाकला. बाईंचं बोट माझ्या अंगावरून फिरलं, दाण्यावर थांबलं आणि त्यांनी दाबलं. मी सुरू झाले. "हौ," त्या म्हणाल्या, "सापडली."

तेव्हापासून रोज दुपारी घरात आम्ही दोघीच असायचो. मित्रांनो, या बाईंचं मी किती कौतुक करू! माझ्याकडं आकड्यांचे दिवे आहेत, त्यांना काही दिसत नव्हतं, पण पीठ सैल झालं की माझ्या आधी त्यांना कळायचं. पावसाळ्यात पाणी कमी घालायच्या, थंडीत कोमट. एकदा मळता मळता लाईट गेली. अशा वेळी मी सगळं विसरते, हा माझा मोठा दोष. लाईट परत आली तेव्हा बाईंनी गोळ्याला हात लावून तो किती फुगलाय ते पाहिलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून मळायला लावलं. त्या दिवशीचा ब्रेड तर नेहमीपेक्षा मऊ झाला होता.

शाळेतून आली की पिंकी काचेतून वाकून बघायची आणि रंग सांगायची. "आज्जी, एकदम ब्राऊन. मस्त आहे." आणि संध्याकाळी रवी यायचा, ब्रेडचा तुकडा चहात बुडवायचा आणि म्हणायचा, "रोशनी, तुझ्या हाताला चव आली बरं का." रोशनी सासूकडं बघायची, पिंकी हसू दाबायची, आणि मनकर्णाबाई गप्प. बुद्धपौर्णिमेला खिरीबरोबर आमचे चार ब्रेड विहारात गेले. सगळ्यांनी विचारलं, कुणी केले? रवी अभिमानानं म्हणाला, "आमच्या मिसेसनं." बाईंनी मान खाली घातली. घरी आल्यावर रोशनी रडली, "आत्या, मी सांगून टाकते." बाई म्हणाल्या, "नको गं. सांगशील तर बंद होईल. नाव नसलं तरी चालतंय, काम राहू दे."

दोन वर्षं अशी गेली. मग माझा पट्टा झिजला. मळताना मी किंचाळायला लागले आणि पातं मध्येच अडकायला लागलं. सुट्टीच्या दिवशी रोशनी मला चालू करायची, तेव्हा रवीच्या कानावर तो आवाज गेला. स्वभावानं भला माणूस. कुणाला न विचारता शनिवारी नवी मशीन घेऊन आला. काळी, चकचकीत, एकही बटण नाही. सगळं काचेवर, बोट टेकवलं की आकडे उजळायचे. "ही जुनी भंगारात देऊन टाकू," असं म्हणत त्यानं मला टेबलावरून उचललं.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी हात पुढं करून नवीवर बोटं फिरवली. कुठंच काही लागेना. बोट जाईल तिथं ती टुंग टुंग वाजायला लागली.

"माय, हात नको लावू, बिघडेल."

"डॅडी!" पिंकी ओरडली. "ती आज्जीची मशीन आहे! ब्रेड आज्जी करते. रोज."

रवीनं मला हळूच खाली ठेवलं. मग त्यानं दाणा पाहिला.

"माय, तू करतेस? दोन वर्षं? अन् मला कैकू सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस का?"

"तुला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाही की रे. तू त्या दिवशी मला जाळातनं काढलंस. पण मग खुर्चीत बसवून ठेवलंस ना, बाप्पा. त्या खुर्चीत मी रोज मरायले होते. हिच्यामुळं उठले." बाईंनी माझ्या झाकणावर हात ठेवला. "ही गेली तर मी परत त्या खुर्चीत. काचेवर मला काय कळणार?"

रवी आपल्या तळव्याकडं बघत राहिला. मग त्यानं स्कूटरची किल्ली घेतली, मला चादरीत गुंडाळलं आणि थेट गौलीगुड्याला यादगिरी मिस्त्रीकडं नेलं. तो मिक्सर दुरुस्त करायचा. त्यानं मला उलटं केलं, उघडलं आणि म्हणाला, "पट्टा गया, बस. मशीन तो अच्छी है साब, भंगार में कायकू डालते?" त्याच्या तोंडात साखर पडो! त्यानं नवा पट्टा घातला, तेल दिलं, आणि जाता जाता ओल्या फडक्यानं मला घासून लख्ख केलं. पुढं काहीतरी चिकटलेलं दिसलं, तेही ब्लेडनं खरवडून काढलं.

घरी आल्यावर रवीनं मला जागेवर ठेवलं. रोशनीनं पीठ तोललं, बाईंनी माठातलं पाणी घातलं आणि बोट माझ्या अंगावरून फिरवलं. इकडून तिकडं. पुन्हा तिकडून इकडं. बोट थांबलं, आणि त्यांनी हात मागं घेतला.

"रवी, ही माझी नाही रे. बदलून आणलीस तू."

मीच आहे हो बाई, मीच! मी आतल्या आत किती ओरडले. पण बटण दाबल्याशिवाय मला आवाज कुठला?

"नाही माय, तीच आहे. तुझी शपथ." रवी गोंधळून माझ्याकडं बघायला लागला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं ज्वारीचा डबा उघडला. एक दाणा घेतला, तो बारीक वाटला म्हणून टाकला, दुसरा घेतला. मग आईचं बोट धरून बटणावर आणलं. "इथं होता ना?"

"जरा वर."

"इथं?"

"हौ. इथंच."

त्या भाजलेल्या हातानं त्यानं दाणा चिकटवला आणि सुकेपर्यंत तो माझ्यापुढं वाकून फुंकर घालत राहिला. दोन वर्षांत त्यानं माझ्या बटणाला प्रथमच हात लावला होता. मग बाईंनी दाबलं, माझी मोटर फिरली आणि त्या ओळखीच्या खरखरीनं त्यांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी शेजारच्या मंगलाताई चव बघायला आल्या, तेव्हा रवी दारातूनच म्हणाला, "आमच्या मायनं केलाय. पहिल्यापासून तीच करते."

नवी मशीन रोशनीच्या लॅबमधल्या शिल्पाकडं गेली. तिथं ती सुखात आहे म्हणे. आणि मी इथं, ज्वारीच्या डब्याला टेकून.

मित्रांनो, मीही कायमची नाही. एक दिवस माझी तार जळेल, मोटर थांबेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढीच विनंती आहे, की घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावर कुणाचा हात बसलाय ते विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जपायचं म्हणून त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्यापेक्षा त्याच्या बोटाला लागेल असा एक दाणा कुठंतरी चिकटवून द्या. रवीनं लावलेला माझा दाणा थोडा तिरका बसला आहे. बाईंना तो रोज पहिल्याच झटक्यात सापडतो.