शेंदूर आणि जवसाचं तेल

खुशालरावांनी पूजेच्या दुकानातून दोन शेर शेंदूर नेला, ही बातमी माझ्या आत्याने आणली. त्याच दिवशी त्यांनी तेलिणीकडून जवसाचं तेलही घेतलं होतं. पार्बताआत्या ओसरीवर टेकली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "गावच्या मारोतीले इतका शेंदूर लागत नाई, कौशे. एवढा शेंदूर मानूस तवाच नेते, जवा त्याले काई शांत करा लागते."

काय शांत करायचं, ते तिने सांगितलं नाही. बाबांना जाऊन महिना होऊन गेला होता.

आम्ही अमरावतीचे बागाईतदार. संत्री आणि भाजी हा आमचा पिढीजात धंदा. लढाई सुरू होण्याच्या आधी बाबांनी बैलजोडी विकली आणि खुशालरावांच्या भागीत एक जुनी लॉरी घेतली. भाजी, संत्री आणि अंजनगावची विड्याची पानं घेऊन ती दर्यापूरमार्गे अकोल्याला जाई. खुशालराव चालवत, बाबा शेजारी बसत. भादव्यात दर्यापूरच्या अलीकडे पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी कान तुटला, चाक तिरपं झालं आणि लॉरी नाल्यात गेली. बाबा जागीच गेले. खुशालरावांच्या कोपराला खरचटलं होतं.

तो तुटलेला कान मी पाहिला होता. बाहेरून डांबराने काळाभोर, आत लोखंडाची जाडी नखाएवढीही उरली नव्हती. गाडीची देखभाल चालवणाऱ्याकडे असते, असं मी धरून चालले आणि तसं फौजदारांना जाऊन सांगितलंही. त्यांनी खुशालरावांचा परवाना ठेवून घेतला आणि शनिवारी मिस्त्रीला घेऊन गाडी पाहायला येतो म्हणाले. गाडी आमच्या बागेमागच्या टिनाच्या शेडात ओढून आणलेली होती. तेव्हापासून खुशालराव रोज तिथे येत आणि आतून कडी लावून घेत.

मी मुलींच्या शाळेत शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण वाचून वाचून मला एवढं कळलं होतं की ज्याच्या हातून काही घडलेलं असतं, तो आधी झाडलोट करतो.

शाळा लवकर सुटली त्या दुपारी मी शेडाकडे गेले. टिनाच्या फटीतून आतलं दिसत होतं. गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवलेली होती आणि खुशालराव तिच्याखाली उताणे पडून छिन्नीने काहीतरी खरडत होते. त्यांच्या बाजूला तपकिरी पापुद्र्यांचा ढीग साचला होता. गाडीची उजवी बाजू खालून देवाच्या मूर्तीसारखी लाल झाली होती. फटीतून घासलेटाचा वास येत होता. कंट्रोलच्या त्या दिवसांत आमच्या घरी कंदिलापुरतंही घासलेट नसे.

मी दार वाजवलं. उघडायला त्यांनी वेळ लावला. आत गेले तेव्हा कोपऱ्यात कशावर तरी नुकतंच पोतं टाकलेलं होतं.

मी आधी पोतं उचललं. खाली घासलेटाचा डबा होता.

"कार्डावरचं नाई," ते म्हणाले. "म्हून कडी लावतो. गंज नरम केल्याबिगर निंगत नाई."

"आणि शेंदूर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "तुह्या आत्तीनं काय सांगतलं? तुह्या बापाचं, शेषरावाचं, भूत बसवून राहिलो म्हून? शेंदूर जवसाच्या तेलात कालवून लोखंडाले लावला का गंज धरत नाई. रेल्वेचे पूल काहून लाल रायते? तिथं का मारोती बसवला कोनी?"

मला ओशाळल्यासारखं झालं, पण संशय गेला नाही. शेंदराचं कारण खरं असेल. म्हणून बाकीचंही खरं होतं असं नाही.

"शनिवारी फौजदार गाडी पाहणार आहेत," मी म्हणाले. "त्याच्या आधी तुम्ही गंज काढून टाकताय."

"मंग त्याच्यासाठी जपून ठेवू का?"

मी पदर खोचला, त्यांच्या हातातून छिन्नी घेतली आणि गाडीखाली शिरले. डावी बाजू अजून खरडायची होती. तिथलं डांबर वरून चांगलं गुळगुळीत दिसत होतं. छिन्नीचं टोक टेकवलं तर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा त्याचा तुकडाच हातात आला. आत गंजाचे थरावर थर होते आणि थरांच्या मधे पांढरी भुकटी. मी ती बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे मीठ कुठून आलं?"

ते हात पुसत राहिले. "जिथं गाडी धुतली तिथलं असन."

"कुठे धुतली?"

"दर्यापुराच्या अलीकडं. माणिकबाईच्या इहिरीवर."

तो सगळा खारपाण पट्टा. तिथल्या विहिरींचं पाणी ढोरं धुवायला वापरतात, पिण्यासाठी कोणी घरात नेत नाही. लहान मुलालाही हे ठाऊक असतं.

"कोण धूत होतं?"

गंज न खरडता वरून डांबर कोणी फासलं, हेही मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "तू मास्तरीन आहे, पण मी तुह्या वर्गातली पोरगी नाई. जे इचारायचं ते शनवारी फौजदार इचारीन." मग छिन्नी मागून घेतली आणि पुन्हा गाडीखाली गेले.

मला हवं होतं ते मिळालं, असं घरी येताना वाटलं. याच माणसाने खाऱ्या पाण्याने गाडी धुतली, लोखंड खाल्लं गेल्यावर वरून डांबर फासलं आणि आता छिन्नी घेऊन सगळं पुसून काढायला बसला होता. साक्षीदार तेवढा हवा होता. दुसऱ्या दिवशी शाळेत निरोप धाडला आणि सर्व्हिस मोटारीने दर्यापूरच्या वाटेला लागले.

माणिकबाईची विहीर सडकेला लागून आहे. मी शेषरावांची मुलगी हे कळल्यावर, भेटायला आले असं तिला वाटलं. तिने मला जवळ बसवलं, तळ्याचं गोडं पाणी दिलं, बाबांसाठी डोळ्याला पदर लावला. मी विचारायच्या आत तीच बोलू लागली.

"तुह्या बापानं मोटर नोती घेतली, बाई, बैलच घेतला होता तो. आला का आधी धुनं. सडकेचा काळा चिखल वाळला का गोट्यासारखा होते, तर वाळूच देत नसे. सोता खालतं निजे अन् हातानं चिखल काढे. बकेटीवर बकेट. बैलायचा पोया आला का मोटरीच्या पुढं तोरन बांधे. आमी हासो."

"बाबा स्वतः धूत होते?"

"मंग कोन? दुसऱ्याले हात लावू देत नसे."

"आणि खुशालराव?"

"तो निंबाखाली बिडी पेत बसे. एक डाव म्हने, शेषराव, या पान्यानं बाईच्या भांड्याची कल्हई उडते, लोखंडाचं काय होईन? तुहा बाप म्हने, बैलाले चिखलात उभं करून त्याची कमाई खाऊ नाई. मंग तो काई बोलला नाई."

मी विहिरीकडे पाहिलं. काठाच्या दगडांवर पांढरा खार फुललेला होता. मग जे विचारायला नको होतं तेही विचारलं: खुशालराव इतक्यात इकडे येऊन गेले होते का, त्यांनी हे असं सांगायला सांगितलं होतं का.

माणिकबाईने माझ्या हातातला रिकामा गडवा काढून घेतला. "मले कोन पढवते वो बाई? जाय, तुही मोटर निंगून जाईन."

परतीच्या वाटेवर मी एकच विचार करत होते. शनिवारी मी गप्प बसले तर काय होईल? मिस्त्री गंजावरचं डांबर पाहील, खुशालरावांचा परवाना कायमचा जाईल, कदाचित खटलाही होईल, आणि बाबांच्या नावाला काही लागणार नाही. ज्या माणसाने मला विहिरीचं नाव सांगितलं आणि धुणाऱ्याचं सांगितलं नाही, तो फौजदारांपुढेही ते सांगणार नाही, हे मला आता कळत होतं. तो मेलेल्या भागीदारासाठी गप्प होता की डांबराचा विषय निघू नये म्हणून, ते मात्र कळत नव्हतं.

शनिवारी फौजदार आले. बरोबर मिस्त्री होता. शेजारचे चारदोन जण आणि आत्याही शेडाच्या दाराशी उभी राहिली. मिस्त्रीने हातोडीने तशीच राहिलेली डावी बाजू ठोकून पाहिली, डांबराचा एक तुकडा उचकटला आणि सांगितलं की आधीच गंजलेल्या लोखंडावर हे फासलंय; गंज आतल्या आत खात गेला; ज्याने फासलं त्याने गाडी बरी दिसेल एवढंच पाहिलं.

फौजदारांनी विचारलं, "गाडीची निगा कोण राखत होतं?"

खुशालराव म्हणाले, "मी." आणि थांबले.

फौजदारांनी मान हलवली. मी पुढे झाले.

"गाडी रोज माझे वडील धूत होते," मी म्हणाले. "खाऱ्या विहिरीच्या पाण्याने. खुशालरावांनी त्यांना एकदा हटकलं होतं. वडिलांनी ऐकलं नाही. माझं आधीचं सांगणं चुकीचं होतं."

"कौशे," आत्या मागून म्हणाली, "तो मेला आहे."

मी वळून पाहिलं नाही.

तेव्हा खुशालराव बोलले. "डांबर म्या फासलं, साहेब. मांगल्या साली कौंडण्यपूरच्या यात्रेले सवाऱ्या न्यायच्या होत्या. खरडत बसलो असतो तर यात्रा गेली असती. शेषराव म्हने फास, म्याबी फासलं. माहित असून फासलं."

फौजदारांनी दोघांचं म्हणणं उतरवून घेतलं. खटला करण्यासारखं त्यात आपल्याला काही दिसत नाही, असं ते म्हणाले; मात्र गाडी मिस्त्रीने पास केल्याशिवाय परवाना परत मिळणार नव्हता, आणि सवाऱ्या तर त्यानंतरही वर्षभर न्यायच्या नव्हत्या. आत्याने त्याच संध्याकाळी अकोल्याला लेकाकडे जायला गाठोडं बांधलं. भावाला चारचौघांत उघडं पाडणाऱ्या पोरीच्या हातचं ती जेवणार नव्हती.

लोक गेल्यावर खुशालराव शेडातच घुटमळत राहिले.

"तू बोलली नसती तरी मले चाललं असतं," ते म्हणाले.

"त्यांना एकदाच का सांगितलं?"

त्यांनी विचार केला. "दुसऱ्या डाव सांगतलं असतं तर त्यानं दुसरा डायवर पाह्यला असता. तुले तुहा बाप माहित नाई का?"

मला माहीत होता. घरातही त्यांना एक गोष्ट दोनदा सांगायची सोय नव्हती. खुशालराव म्हणत होते ते खरं असावं. तसं असणं त्यांच्या सोयीचंही होतं.

"डावी बाजू कधी खरडणार?" मी विचारलं.

"सोमवारी."

"मला बोलवा," मी म्हणाले. "अर्धी गाडी आता माझी आहे. शेंदूर लागायच्या आधी खालचं लोखंड मी पाहणार. सगळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"माह्यावर इस्वास नाई अजून?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी घासलेटाच्या डब्यात चिंधी बुडवली. मग म्हणाले, "सकाळी ये. दुपारी टिन तापते." आणि त्या चिंधीने हातावरचा शेंदूर पुसू लागले.