शेवटी चढणारा माणूस

"अहो, पेन घेतलंत का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले.

"हळू बोल! खालच्यांना ऐकू जाईल," डबलबेल दबक्या आवाजात म्हणाले.

पण खालच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यातच उभे होते. "काय, शाळेला निघालात वाटतं? डबा घेतलात ना?" डबलबेल ओशाळवाणे हसले. लेकीने दिलेली नवी पिशवी त्यांनी पाठीमागे लपवली आणि "मेव्हण्याकडे चाललोय," अशी थाप मारून सटकले.

वाचकहो, या माणसाने काही चोरी केली नव्हती. त्यांनी उभा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून काढला होता. आता तिकिटे दारातले यंत्र देऊ लागले आणि कंडक्टरची गरज संपली. अशा लोकांसाठी सरकारने फुकट प्रशिक्षण सुरू केले होते. रुग्णालयात रुग्णांना उठवणे-बसवणे, फिरवून आणणे, धीर देणे, हे काम शिकवायचे आणि मग नोकरीला लावायचे. वर्ग सोमवारपासून होते. आज ओळखीची सभा होती, आणि जो आज येणार नाही त्याची जागा दुसऱ्याला मिळणार होती. पण केस पांढरे झाल्यावर बाकावर जाऊन बसायचे, या कल्पनेनेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होत होते.

चालता चालता त्यांना जुनी बस आठवत राहिली. काय दिवस होते ते! चामड्याच्या पिशवीने एक खांदा कायमचा खाली झुकवून ठेवला होता. तिकिटाला भोक पाडणाऱ्या चिमट्याची टकटक, ओल्या छत्र्यांचा वास, मागच्या दारातली झिजलेली पायरी. छताखालची घंटीची दोरी तर त्यांच्याच हातांनी गुळगुळीत झाली होती. कंडक्टरचा नियम एकच. आधी सगळ्यांना चढवायचे, कोणी धावत येते आहे का ते पाहायचे, मग शेवटी स्वतः चढून दोरी ओढायची. टिंग टिंग! त्या डबल बेलशिवाय ड्रायव्हर गाडी तसूभरही हलवत नसे. त्यावरूनच त्यांचे हे नाव पडले होते.

प्रशिक्षण केंद्र पहिल्या मजल्यावर होते आणि दारात ही गर्दी! तिथे डबलबेलना काय झाले कोण जाणे, त्यांचे पाय आपोआप दाराच्या कडेला जाऊन उभे राहिले. "चला, चला, पुढे सरका! आत भरपूर जागा आहे. ताई, सावकाश, उंबरठा आहे." लोक मुकाट्याने ऐकू लागले. एकाने पाण्याचा नळ कुठे म्हणून विचारले, तर त्यांनी तोही दाखवला. कितीतरी दिवसांनी त्यांना हलके वाटत होते. जिना चढून धापा टाकत आलेल्या शेवटच्या माणसालाही त्यांनी आत घेतले.

आणि आतून दार लागले!

डबलबेल बाहेर, आणि त्यांचा हात सवयीने वर गेलेला, दोरी शोधत. दार वाजवायला काहीच हरकत नव्हती. पण सगळ्यांच्या माना वळणार, सगळे बघणार. 'जाऊ दे, आपल्या नशिबातच नाही,' असे म्हणत ते जिना उतरले. खरे सांगायचे तर त्यांना सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याचीच लाज वाटली.

समोरच बसचा शेवटचा थांबा होता. उभ्या गाडीतून हाक आली, "डबलबेल! अरे, तुझी सभा ना आज?" त्यांचा इतक्या वर्षांचा जोडीदार, ड्रायव्हर!

"सुरू झाली. दार लागलं."

"आणि तू?"

"सगळ्यांना आत घेता घेता मीच राहिलो."

ड्रायव्हर खो खो हसत सुटला. "धन्य आहेस! मग वाजवायचं ना दार."

"सोड रे. या वयात कसली शाळा? मुलीच्या वयाच्या बाईंपुढे हात वर करून बसू? लोक हसतात."

"एक सांग. ते धावत येणारे आजोबा आठवतात? तू त्यांच्यासाठी घंटी रोखून धरायचास आणि मी इथून शिव्या घालायचो. चढताना तू कधी कुणाला वय विचारलंस?"

"काहीतरीच काय! वय कशाला विचारू? त्यांना जायचं असायचं."

"मग तुला कुठे जायचं नाही?"

डबलबेलनी मान वळवून केंद्राच्या खिडकीकडे पाहिले.

"अरे, मलाही करमत नाही," ड्रायव्हरचा आवाज खाली आला. "अजून आरशात मागे बघतो, आणि तू नसतोस. पण बस सुटली म्हणून माणसांना हात द्यायची तुझी सवय सुटली का? आताही वर दारात उभा राहून तेच करून आलास ना? रुग्णालयात उठताना कुणाला तरी हात लागणारच आहे. तो तुझा का नको? आणि हसणारे काय तुझं घर चालवणार आहेत? लाज वाटायचीच असेल तर न शिकताच 'जमणार नाही' म्हणायची वाटू दे. जा! आज घंटी मी रोखून धरलीय. तू आत गेलास की देतो."

डबलबेलच्या डोळ्यांत पाणी आले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी गाडी थांबवली होती. आज त्यांच्यासाठी कोणीतरी थांबले होते!

त्यांनी जिना चढून दार वाजवले. शिकवणाऱ्या बाई खरोखरच मुलीच्या वयाच्या होत्या. "अय्या, तुम्ही? मला वाटलं तुम्ही इथलेच कर्मचारी! दोनदा नाव पुकारलं तुमचं. या, पुढे जागा आहे." खिडकीशेजारचा पहिला बाक रिकामाच होता. डबलबेल आयुष्यात प्रथमच सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले. खालून बसचा भोंगा दोनदा वाजला, आणि गाडी निघाली.

सोमवारी सकाळी शेजारी पुन्हा जिन्यात होते. "काय, आजही मेव्हण्याकडे?"

"छे हो, शाळेला! डबासुद्धा घेतलाय," डबलबेल खणखणीत आवाजात म्हणाले.

शेजाऱ्यांचे हसू ओसरले. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "आमचा कारखानाही बंद होतोय. तिथे... माझ्यासारख्याला घेतात का हो? जरा हळू बोला, वरच्यांना ऐकू जाईल."

वाचकहो, शिकण्याची लाज ही अशी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात असते. आपण हसतो आणि उद्या आपलीच पाळी येते. जुन्या दिवसांवर खुशाल प्रेम करा; पण नवे शिकायला निघालेल्याला हसू नका, आणि निघायची वेळ तुमची असेल तर लपून जाऊ नका!

डबलबेल मात्र हळू बोलले नाहीत. अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "चला की, पुढे सरका! आत भरपूर जागा आहे!"